आटे कोणी तोडले होते

माझा भाऊ गेल्याची बातमी मला एका अनोळखी गिऱ्हाइकाने दिली, आणि तीही त्याचं नाव न घेता. चिखलीत आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुपारची वेळ, काउंटरवर मी एकटीच. अमडापूरकडचा एक टॅक्सीवाला फॅनबेल्ट घ्यायला आला होता. बेल्ट ताणून पाहता पाहता तो सोबतच्या माणसाला सहज म्हणाला, "आटेतोड गेला म्हणते बे. गॅरेजातच छातीत कळ आली." सोबतचा म्हणाला, "कोण, वामनउस्तादाचा आटेतोड? चांगला होता बिचारा." मी बेल्टचं खोकं हातात धरून तशीच उभी राहिले. त्या दोघांना काय ठाऊक, की समोर उभी असलेली बाई त्या 'आटेतोड'ची सख्खी धाकटी बहीण आहे… तेवढ्यात फोन वाजला. वहिनीचा होता. उचलण्याआधीच मला सगळं कळून चुकलं होतं. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, आधी संताप आला. माणूस जाऊन घटकाही झाली नव्हती, आणि त्याची बातमी गावोगाव त्या घाणेरड्या नावाने फिरत होती.

दादाचं नाव मिलिंद. पण अमडापूरपासून जानेफळपर्यंत कुणालाही विचारा, मिलिंद मिस्त्री कोण म्हणून, तर लोक डोकं खाजवतील. आटेतोड म्हटलं की लगेच बोट दाखवतील. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेट्रोल गाडीच्या इंजिनाला वरच्या बाजूने जे झाकण असतं त्याला हेड म्हणतात, आणि त्यात ठिणगी पाडणारे प्लग बसवलेले असतात. प्लग आत फिरवून घट्ट करायचा असतो, बाटलीला झाकण लावतात तसा. त्यासाठी हेडच्या भोकात आटे, म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या खाचा, पाडलेले असतात. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. प्लग लोखंडाचा, म्हणजे कडक. हात चुकला तर नुकसान मऊ वस्तूचंच होतं. आटे गेले की प्लग धरत नाही, आणि कंपनीच्या वर्कशॉपात नेलं तर ते सरळ नवीन हेड टाका म्हणून सांगतात. तर एका गाडीचे हे आटे माझ्या भावाने तोडले, आणि त्याच्या उस्तादाने ते मोठ्या कौशल्याने पुन्हा बसवून दिले, अशी ती गावभर झालेली गोष्ट. कुणी हसत सांगायचं, कुणी नव्या शागिर्दांना धडा म्हणून सांगायचं. त्या गोष्टीतलं गाडी सोडून बाकी सगळं खोटं आहे. मी तिथे होते.

दादा काही गरीब गाय नव्हता. आता लोक त्याला देवमाणूस, साधाभोळा वगैरे म्हणू लागलेत, त्याचाही मला राग येतो. तो भांडकुदळ होता, मोठ्याने बोलणारा होता, आणि स्वतःच्या हातांचा त्याला भारी अभिमान होता. माझ्या दुकानात येऊन माझ्याच गिऱ्हाइकांना झापायचा. कुणी प्लग खोलायला लांब दांड्याचा पाना मागितला की हा मागून ओरडायचा, "लांब पाना नेतं का? मंग हेडबी घेऊन जाय संगं, लागनच तुले!" गिऱ्हाईक बिचकून निघून जायचं आणि मी कपाळाला हात लावायची. प्लग लावायची त्याची स्वतःची पद्धत होती. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्यायचा, प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि नळीनेच प्लग भोकात फिरवत न्यायचा. प्लग तिरका लागला तर नळी हातातल्या हातात घसरते, आटे वाचतात. पाना अगदी शेवटी, तोही इंजिन गार असतानाच. गरम हेडमधून प्लग ओढला की आटे सोलून निघतात, हे तो इतक्या वेळा बोलायचा की माझ्या मुलींनाही पाठ झालं होतं. असा माणूस आटे तोडतो?

तो दिवस मला लख्ख आठवतो. नानासाहेब म्हणून अमडापूरचे एक बडे शेतकरी आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरी-नवरदेवासाठी सजवायची ती त्यांचीच पांढरी गाडी. गाडी धक्के देऊ लागली म्हणून ते स्वतः चालवत वामनउस्तादांच्या गॅरेजात घेऊन आले, आणि मी नेमकी त्या वेळी प्लगचा नवा सेट घेऊन चिखलीहून पोचले. दादा तेव्हा उस्तादांकडेच कामाला होता, लग्न झालेला, कामात पुरता तयार झालेला माणूस. तो म्हणाला, "उस्ताद, इंजिन गार होऊ द्या जरा." पण नानासाहेब घाई करत होते, आणि मोठ्या माणसाच्या गाडीला उस्ताद स्वतःच हात लावायचे. उस्तादांच्या उजव्या हाताला तेव्हाच कंप सुरू झाला होता. गॅरेजात सगळ्यांना दिसत होता आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांनी भट्टीसारखं तापलेलं इंजिन तसंच खोललं. एक प्लग करकरत निघाला आणि त्याच्या आट्यांना चिकटून ॲल्युमिनियमची चकचकीत सालपटं बाहेर आली. मी पाहिली. दादानेही पाहिली. उस्तादांनी ती बोटाने पुसून टाकली आणि त्याच भोकात नवीन प्लग सरळ पान्याने, तिरकाच, दाबून बसवला. गाडी सुरू झाली, नानासाहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि तो प्लग बंदुकीच्या गोळीसारखा सुटून बॉनेटवर आदळला. नानासाहेब खाली उतरून ओरडले, "कोणं लावला रे हा प्लग?"

उस्ताद नुसते उभे राहिले, हात मागे बांधून. आणि माझा भाऊ पुढे होऊन म्हणाला, "म्या लावला, साहेब."

आमच्याकडच्या गॅरेजांत अशी रीत आहे. गिऱ्हाइकासमोर उस्तादाचा हात चुकत नाही. चुकलाच तर तो शागिर्दाचा चुकला म्हणायचं. बोल्ट तुटला, ऑइल सांडलं, काचेला चरा गेला, शागिर्दाने मान खाली घालून शिव्या खायच्या, आणि गिऱ्हाईक गेलं की उस्ताद त्याला चहा पाजतो, पाठीवर थाप मारतो, विषय संपतो. रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. धंद्यात एकमेकांची अब्रू सांभाळावी लागते. पण ती रीत एका संध्याकाळपुरती असते. नानासाहेबांनी त्या दिवशी दादाला ज्या शिव्या दिल्या त्यातल्या काही त्याच्या हातांबद्दल नव्हत्या, आमच्या वस्तीबद्दल होत्या. "ह्या लोकायच्या हाती कायले देता उस्ताद गाडी?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. उस्तादांनीही ऐकलं. तेव्हा तरी त्या माणसाने तोंड उघडायचं की नाही?

मग दादानेच ते दुरुस्त केलं. लग्नघरची गाडी, हेड उतरवायला वेळ नव्हता, म्हणून हेड न उतरवता. नानासाहेब समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले होते. दादाने इंजिन हाताने फिरवून पिस्टन खाली नेला. आटे पाडायचा टॅप ग्रीसमध्ये बुडवला, म्हणजे कापलेला कीस आत न पडता ग्रीसला चिकटून वर येईल. थोडा फिरवायचा, बाहेर काढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा ग्रीस, पुन्हा थोडा फिरवायचा… एरवी गॅरेज दणाणून सोडणारा माणूस, त्या वेळी श्वाससुद्धा हळू घेत होता. एक कीस जरी सिलिंडरमध्ये राहिला तर इंजिनच बसलं असतं. प्लगच्या सेटसोबत मी गॅरेजसाठी आणलेल्या मालातलं पोलादी बुश त्याने निवडून घेतलं. त्याला बाहेरूनही आटे असतात आणि आतूनही. बाहेरचे हेडला धरतात, आतले प्लगला. ते त्याने इतकं नेमकं बसवलं की बोट फिरवलं तर कड लागत नव्हती. आतला कीस हवेने काढला, मग नळीने प्लग. गाडी सुरू झाली आणि शिवणयंत्रासारखी चालली. तोवर नानासाहेब परत आले होते आणि बॉनेटपाशी कोण उभं होतं, तर उस्ताद, फडक्याने हात पुसत. "झालं का हो उस्ताद?" "झालं," उस्ताद म्हणाले. तेवढा एकच शब्द पुरला. लग्नाच्या मांडवातच गोष्ट तयार झाली, पोरानं आटे तोडले, उस्तादानं हेड न उतरवता बसवले.

एका दुरुस्तीने उस्तादांचं नाव कुठल्या कुठे पोचलं. मेहकरहून, देऊळगावहून आटे गेलेल्या गाड्या अमडापूरला येऊ लागल्या. उस्ताद गाडी आत घेत, तिच्यापुढे ताडपत्रीचा पडदा सोडत, गिऱ्हाइकाला बाहेर खुर्चीवर बसवत, आणि स्वतः पडद्यामागे जात. पडद्याआड काम दादा करायचा. लोक म्हणायचे, उस्ताद ते काम कोणाच्या डोळ्यांसमोर करत नाहीत, त्यांची विद्या आहे ती. पुढे दादाने स्वतःचं गॅरेज टाकलं तरी हेच. दादाच्या गॅरेजात लोक हवा भरायला, ऑइल बदलायला यायचे. इंजिन खोलायचं म्हटलं की, "नको बा, आटेतोडकडे नको," म्हणून उस्तादांकडे जायचे. आणि उस्ताद फोन करून दादाला बोलवायचे. तो मागच्या दाराने जायचा. बुलढाण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपात हेडमिस्त्रीची जागा निघाली तेव्हा मीच त्याला बळेच पाठवलं. तिथल्या मॅनेजरने गाव विचारलं, नाव विचारलं, आणि हसून म्हणाला, ते आटेतोड तुम्हीच काय? गाड्या धुवायच्या विभागात जागा आहे, पाहा.

त्या दिवशी तो माझ्या घरी जेवायला थांबला. मी ताट वाढलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, "दादा, एकदा तरी सांग लोकायले. नाहीतर मी सांगते."

"तू काई पाह्यलं नाही," तो म्हणाला.

"मी सगळं पाह्यलं."

"म्हूनच सांगून राह्यलो, तू काई पाह्यलं नाही." मग म्हणाला, "आपल्या वस्तीतलं पोरगं गाडीले हात लावते म्हून लोकं गाड्या परत नेत होते, शीला. वामनउस्ताद म्हणला, न्या. माह्या गॅरेजात हाच काम करन, पटत नसन तं न्या. दुसऱ्या कोणं मले दारात उभं केलं होतं का? सांग."

"नव्हतं केलं. म्हणून काय जन्मभर ओझं वाहायचं? त्यानं एक पाना देला हातात, तू त्याले आख्खी इज्जत देऊन बसला!"

तो हसला नाही, चिडलाही नाही. भात कालवत म्हणाला, "तुले नाही समजाचं." दादाने मला जन्मात इतकं रागवायला लावणारं दुसरं वाक्य कधी ऐकवलं नाही. मला सगळं समजत होतं. त्या काळात उस्तादांनी जे केलं ते मोठंच होतं, मी आजही नाकारत नाही. पण दार उघडून आत घेणाऱ्या माणसाने तुम्हाला पुढे जन्मभर मागच्याच दाराने यायला लावलं, तर त्याचं काय करायचं? याचं उत्तर दादाने मला कधी दिलं नाही. माझ्याकडून मात्र शपथ घेतली, तो जिवंत असेपर्यंत मी बोलणार नाही म्हणून. ती मी पाळली, दात-ओठ खात पाळली.

विहारात त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, त्याच्या फोटोला फुलं वाहिली, मग दोन शब्द बोलायला उस्तादांना उभं केलं. नातवाने धरून आणलं होतं त्यांना. मला वाटलं, आज बोलतील. माणूस गेला, आता कुणाची भीड? मी अगदी पुढे सरकून बसले. उस्ताद म्हणाले, "मिलिंद म्हंजे माह्या हातचा पोरगा. सुरुवातीले हात जरा जड होता त्याचा, तुमाले सगळ्यायले मालूमच हाये…" आणि लोक हसले. विहारात, त्याच्या फोटोसमोर, प्रेमाने का होईना, हसले. आमचेच लोक! मी उठणार होते. वहिनीने माझा पदर घट्ट धरला आणि म्हणाली, "आज नको, बाई. आज नको." तिच्या तोंडाकडे पाहून मी खाली बसले.

काही आठवडे गेले. राग काही उतरला नाही, म्हणून एक दिवस दुकान बंद केलं आणि अमडापूरला उस्तादांच्या घरी गेले. ते ओसरीवर बाजेवर बसले होते. मी पाया पडले नाही. सरळ विचारलं, "उस्ताद, हात कोणाचा जड होता?"

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मांडीवर तो आपला आपण हलत होता. डाव्या हाताने त्यांनी तो दाबून धरला. "तू होती त्या दिवशी," ते म्हणाले.

"होती. म्हणूनच आली."

"म्या नाही सांगलं त्याले अंगावर घ्याले."

"नको घेऊ, असंही नाही म्हणलं तुम्ही."

मग ते हळू आवाजात बोलू लागले. "दुसऱ्या दिवशी सांगू म्हणलं होतं बाई. दुसऱ्या दिवशी नानासाहेब पेढे घेऊन आले… उस्ताद, कमाल केली म्हणे तुम्ही. गावातले चार लोक संगं. मंग कसं सांगतं?" उजवा हात त्यांनी आणखी घट्ट दाबला. "मले ते काम कधी आलंच नाही. हात थांबतच नव्हता ना. सगळं तोच करे."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि क्षणभर माझा राग खरोखर विरघळला. म्हाताऱ्या माणसाची दया आली. मी म्हटलं, "उस्ताद, हेच चौकात सांगा. लोकायपुढं, एवढंच. मी गाडी आणते, बसवून नेते तुमाले." ते काहीतरी म्हणणार होते, मान हलल्यासारखी झाली होती… तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली. उस्ताद ताठ बसले. सुनेला म्हणाले, "वळखलं का हिले? आपल्या मिलिंदची बहीण. माह्या हातचा पोरगा तो. आटे बसवाचं काम म्याच शिकवलं त्याले." माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलले. पापणी लवली नाही.

चहाला हात न लावता मी उठले. सून फाटकापर्यंत मागे आली. आवाज खाली करून म्हणाली, "ताई, बाबाचं मनावर घेऊ नका. पडद्यामांगं मिलिंदभाऊच काम करत होते, हे आमच्या घरात सगळ्यायले मालूम हाये. गॅरेजातल्यायलेही होतं. नानासाहेबायलेही मांगून कळलं होतं."

"मग आटेतोड काऊन म्हणत होते त्याले?"

ती खोटं बोलली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "पडलं होतं नं नाव… म्हणत होते, बस."

येताना बसमध्ये मी तिचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात फिरवलं. एक उस्ताद खोटा होता असं मी धरून चालले होते. एका माणसाच्या भित्रेपणावर मी चिडून होते. आणि इथे तर अर्धं गाव जाणून होतं, आणि जाणूनही त्याला त्याच नावाने हाक मारत होतं, त्याच्या हातचं काम करून घेत होतं. दादाने जी गोष्ट अब्रूसारखी जपली, ती जपण्याची कुणाला गरजच नव्हती. दादा, तुझ्यावरही मी संतापले आहे. तुला हे ठाऊक होतं का? ठाऊक असून तू मागच्या दाराने जात राहिलास का? विचारायला तू नाहीस, याचा राग सगळ्यात मोठा आहे.

मागच्या आठवड्यात मी त्याच्या गॅरेजच्या शटरवर नाव लिहायला पेंटर बोलावला. इतकी वर्षं ते शटर कोरंच होतं. नाव लिहिलं तरी लोक कोणतं वाचतील हे दादाला माहीत असणार. आत सगळं तसंच आहे. ग्रीसचा डबा उघडा आणि त्यात त्याच्या बोटाने ओढलेली खोबण, आता धूळ बसलेली. पेंटर गावातलाच. त्याने लाल रंगात मोठं 'मिलिंद' लिहिलं, खाली 'प्लगचे आटे बसवणारे' असं मी सांगितलेलं लिहिलं, आणि ब्रश थांबवून विचारलं, "खाली उस्तादाचं नाव टाकू का ताई, अमुकाचे शागिर्द म्हणून? सगळेच टाकतात."

"नको."

"नाही टाकलं तं लोकं इचारतीन, काऊन नाही टाकलं म्हणून."

मी आतून दादाची खुर्ची ओढून शटरपुढे आणली आणि तिच्यावर बसले. म्हटलं, "येऊ दे विचारायले."